उपस्वरमाला आणि पियानोवरील स्वरसंघात : एका सिद्धान्ताचा इतिहास

(१) प्रास्ताविक

उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याच्या जवळ शांतपणे बसले असता, ज्या स्वरात एकही तार लावलेली नाही असा गांधार ऐकू येतो, हा अनुभव आपल्याकडील संगीतरसिकांना अपरिचित नाही. हा 'स्वयंभू गांधार' म्हणजे षड्जाच्या तारेतूनच उत्पन्न होणारा पाचवा उपस्वर होय. ज्या निसर्गघटनेचे आपल्या गायकांनी केवळ कौतुक केले, त्याच घटनेवर युरोपीय पंडितांनी अठराव्या शतकात एक संपूर्ण शास्त्र उभे करण्याचा प्रयत्न केला. एकाच वेळी अनेक स्वर वाजविणे हा पाश्चात्त्य संगीताचा प्राण आहे. अशा स्वरसंघातांचे नियम माणसाने ठरविले की निसर्गाने, आणि निसर्गाने ठरविले असल्यास तंतूच्या कंपनातून ते वाचता येतील काय, हा तो प्रश्न होता. त्याच्याच पोटात दुसरा, अधिक व्यावहारिक प्रश्न दडलेला होता. पियानोवर तेच तीन स्वर एका रीतीने मांडले असता गोड वाटतात आणि दुसऱ्या रीतीने मांडले असता घोगरे व गढूळ वाटतात, हे का?

प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा इतिहास संक्षेपाने सांगावयाचा आहे. पहिल्या प्रश्नाने मोठमोठ्या विद्वानांना मोहात पाडले व अखेरीस त्यांची निराशा केली. दुसऱ्याचे समाधानकारक उत्तर मात्र मिळाले. एकाच सिद्धान्ताच्या वाट्याला असे दुहेरी दैव का आले, हे पाहण्यासारखे आहे.

(२) उपस्वरांचा शोध

ताणलेली तार छेडली असता ती केवळ संपूर्ण लांबीने कंप पावत नाही. तिचे दोन, तीन, चार, पाच असे समान भागही त्याच वेळी स्वतंत्रपणे कंप पावतात. मूलस्वराची कंपनसंख्या सेकंदाला ६४ धरली, तर १२८, १९२, २५६, ३२०, ३८४ या कंपनसंख्यांचे स्वर त्यात मिसळलेले असतात. मूलस्वरास षड्ज मानल्यास ही माला अनुक्रमे षड्ज, वरचा षड्ज, पंचम, षड्ज, गांधार, पंचम अशी होते. सातवा उपस्वर कोमल निषादाच्या जवळचा, परंतु त्याहून काहीसा उतरलेला असतो. आठवा पुन्हा षड्ज, नववा ऋषभ, दहावा गांधार. अकरावा शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडतो.

फ्रेंच पंडित मारँ मेर्सेन यांनी १६३६ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या विश्वसंवादविषयक ग्रंथात, एका तारेतून मूलस्वरावाचून आणखीही स्वर ऐकू येतात, अशी नोंद केली. त्याचे कारण मात्र त्यांना उलगडले नव्हते. १६७७ साली इंग्रज गणिती जॉन वॉलिस यांनी ऑक्सफर्ड येथील दोन अभ्यासकांचे प्रयोग प्रसिद्ध केले. तारेवर कागदाच्या बारीक चकत्या ठेवून, ती तार भागाभागांनी कंप पावताना काही बिंदू निश्चल राहतात, हे त्यांनी दाखविले होते. पुढे १७०१ साली जोझेफ सोव्हर यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे या विषयाची व्यवस्थित मांडणी केली. निस्पंद व प्रस्पंद या अर्थाच्या फ्रेंच संज्ञा त्यांनीच रूढ केल्या. सोव्हर यांना स्वरांची पारख करणारा कान नव्हता, असे त्यांच्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. ध्वनिशास्त्राचा पाया अशा गृहस्थाने घालावा, ही इतिहासातील एक मौजेची गोष्ट म्हणावी लागेल.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कारागिरांचे हात या शोधाच्या फार आधी त्याच वाटेने गेले होते. युरोपातील ऑर्गन बांधणारे कारागीर मुख्य नळीबरोबर तिच्या बाराव्या, पंधराव्या आणि सतराव्या स्वराच्या लहान नळ्या जोडून नादाला तेज आणीत असत. हे तिसरे, चौथे व पाचवे उपस्वरच होत. तंतूचे गणित त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी केवळ कानाचा कौल घेतला होता.

(३) रामो यांचा सिद्धान्त व त्यातील फट

झाँ-फिलिप रामो हे स्वतः ऑर्गनवादक होते. १७२२ साली त्यांनी आपला स्वरसंवादावरील प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, तेव्हा सोव्हर यांच्या शोधाचा उपयोग त्यांनी केलेला नव्हता. त्यांचा आधार तारेच्या गणिती विभागणीचा होता. हा शोध कळल्यानंतर मात्र १७२६ पासूनच्या लेखनात, आणि विशेषतः १७३७ च्या ग्रंथात, त्यांनी उपस्वरांना सर्व संगीताचे मूळ मानले. कोणताही नादमय पदार्थ आपल्या मूलस्वराबरोबर बारावा आणि सतरावा स्वर, म्हणजे वरच्या सप्तकातील पंचम आणि त्याच्याही वरच्या सप्तकातील गांधार, उत्पन्न करतो. षड्ज, गांधार, पंचम हा संघात निसर्गानेच दिलेला आहे, तेव्हा संगीत हे भूमितीसारखे एका तत्त्वातून निष्पन्न होणारे शास्त्र होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. १७५० साली त्यांनी याच तत्त्वाची 'सिद्धता' ग्रंथरूपाने मांडली. गणिती दालांबेर यांनी प्रथम या मताचा पुरस्कार केला, व १७५२ साली रामो यांच्या सिद्धान्ताचे सुबोध विवरण करणारे पुस्तकही लिहिले.

परंतु या इमारतीत दोन फटी होत्या. पहिली सर्वांना दिसली. कोमल गांधाराचा संघात युरोपीय संगीतात शुद्ध गांधाराच्या संघाताइतकाच रूढ आहे. परंतु षड्जाच्या प्रारंभीच्या उपस्वरांत कोमल गांधार कोठेही नाही. मूलस्वर वाजविला असता त्याच्या खालच्या बाराव्या व सतराव्या स्वरांच्या तारा कंप पावतात आणि त्यांतून कोमल संघात मिळतो, असे रामो यांनी प्रथम म्हटले. त्या तारा संपूर्ण लांबीने नव्हे तर भागाभागांनी कंप पावतात, आणि म्हणून त्यांतून पुन्हा तोच वरचा स्वर निघतो, हे निदर्शनास आल्यावर त्यांना माघार घ्यावी लागली. दालांबेर यांनीही आपल्या पुस्तकाच्या १७६२ च्या आवृत्तीत, संगीताला भूमितीची निश्चिती मागणे अनुचित आहे, असा इशारा दिला.

दुसरी फट अधिक सूक्ष्म होती, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. निसर्गाने रामो यांना जे दिले होते ते मूलस्वर, बारावा आणि सतरावा असे दूरदूर पसरलेले तीन स्वर होते. त्यांच्या कंपनसंख्या १ : ३ : ५ या प्रमाणात असतात. परंतु कोणत्याही सप्तकातील षड्ज हा षड्जच, असे गृहीत धरून रामो यांनी पंचम व गांधार खाली ओढले आणि एका सप्तकात दाटीने बसविले. व्याकरणाच्या दृष्टीने ही सोय उत्कृष्ट होती. कोणता संघात कोणत्या संघातानंतर यावा, हे तिच्यामुळे सांगता येऊ लागले. परंतु स्वर किती अंतरावर ठेवावे, हे जे निसर्ग सांगत होता ते मात्र या व्यवस्थेत हरवले. सिद्धान्ताने नाव राखले आणि नाद गमावला, असे म्हणावयास हरकत नाही.

(४) पियानोचा वाढता पल्ला

रामो यांच्या काळी हे हरवलेले फारसे जाणवत नव्हते. फ्लॉरेन्स येथील बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांचा पियानो १७०० च्या सुमारास अस्तित्वात आला होता. त्यांनी १७२० साली बनविलेला एक पियानो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आजही आहे. त्याचा पल्ला सुमारे साडेचार सप्तकांचा. मोझार्ट यांच्या काळातील पियानो पाच सप्तकांचा होता. त्याच्या तारा बारीक, हातोड्या हलक्या व चामड्याने मढविलेल्या. अशा वाद्यावर मंद्र सप्तकातील दाट संघातही बऱ्याच अंशी स्पष्ट उमटतात. बीथोव्हेन यांच्या 'पॅथेटिक' सोनाटाच्या (१७९९) आरंभी येणारे संघात आजच्या पियानोवर जितके जड वाटतात, तितके ते त्या काळच्या वाद्यावर वाटत नसत, याचे कारण हेच.

पुढे वाद्य बदलले. १८२५ साली बॉस्टनचे बॅबकॉक यांनी अखंड ओतीव लोखंडी चौकटीचा हक्क नोंदविला. १८५९ साली धाकटे हेन्री स्टाइनवे यांनी मोठ्या पियानोत मंद्राच्या तारा इतर तारांवरून तिरप्या नेण्याची रचना केली. ताण वाढला, तारा जाड झाल्या, पल्ला सात सप्तकांहून अधिक झाला. खर्जाच्या एकेका स्वरात आता उपस्वरांची मोठी गर्दी असे. अशा दोन-तीन तारा जवळजवळ वाजविल्या की त्या उपस्वरांची परस्परांशी झोंबी सुरू होई.

वादकांनी यावर उपाय शोधला तो कोणत्याही ग्रंथातून नव्हे. शोपँ यांच्या १८३३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासरचनांपैकी पहिली पाहावी. डाव्या हातात खर्जाचे दोन षड्ज. उजव्या हातात षड्ज, पंचम, वरचा षड्ज आणि त्याच्या वरचा गांधार, अशी दहा स्वरांच्या पल्ल्याची कमान सप्तकामागून सप्तक चढत जाते. खाली विरळ, वर दाट, आणि गांधार पंचमाच्या वर : ही मांडणी उपस्वरमालेचीच आहे. उजव्या पायाखालील पट्टी दाबली की सर्व तारांवरील दाबपट्ट्या उचलल्या जातात, आणि न वाजविलेल्या तारादेखील सहकंपनाने त्यात भर घालतात. शूमान यांनी तर १८३० च्या दशकात, आपल्या 'कार्निव्हल' या रचनेतील 'पागानीनी' प्रकरणाच्या अखेरीस, पट्ट्या आवाज न करता दाबून केवळ सहकंपनातून संघात उमटविण्याची युक्ती योजली.

ज्यांना पियानो उपलब्ध असेल त्यांनी हा प्रयोग स्वतः करून पाहावा. मध्य षड्जाच्या खाली दोन सप्तके असलेला षड्ज आवाज न करता दाबून धरावा, आणि त्याच्या वरचा पंचम किंवा गांधार झटक्याने वाजवून सोडावा. वाजविलेली तार थांबल्यावरही तोच स्वर खर्जाच्या तारेतून मंदपणे घुमत राहतो. जो स्वर मालेत नाही तो वाजविला असता असे घुमणे जवळजवळ होतच नाही.

(५) हेल्महोल्त्झ : विस्पंदांची उपपत्ती

अनुभवाने सापडलेल्या या गोष्टीला कारण मिळाले ते १८६३ साली. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्महोल्त्झ यांनी त्या वर्षी स्वरसंवेदनेवरील आपला युगप्रवर्तक ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन स्वरांच्या कंपनसंख्यांत थोडे अंतर असले की नाद लहानमोठा होत असल्याचा भास होतो. यास विस्पंद म्हणतात. विस्पंद सावकाश असतील तर नाद डोलतो. सेकंदाला तीस-चाळीसच्या आसपास झाले की कानाला खरखर जाणवते. त्याहून बरेच अधिक झाले की खरखर मावळते. दोन स्वरांचे उपस्वर जेथे एकमेकांत मिसळून जातात तेथे संवाद, आणि जेथे असे विस्पंद उत्पन्न करतात तेथे विसंवाद, ही त्यांची उपपत्ती.

पियानोवरील मांडणीचे रहस्य यातून उलगडते. ६४ कंपनांच्या षड्जावर दाट संघात मांडला तर स्वर ६४, ८० आणि ९६ असे येतात. लगतच्या दोन स्वरांत अंतर केवळ १६ कंपनांचे. त्यांचे दुसरे उपस्वर १२८, १६०, १९२. अंतर ३२, म्हणजे खरखरीच्या अगदी ऐन जागी. तिसरे १९२, २४०, २८८. यांतील २४० आणि पहिल्या तारेचा चौथा उपस्वर २५६ यांत पुन्हा १६ चे अंतर. व्याकरणदृष्ट्या निर्दोष असलेला हा संघात मंद्रात गढूळ का वाटतो, हे आता सांगावयास नको. हेच स्वर ६४, १९२ आणि ३२० असे रामो यांच्या मूळ प्रमाणात पसरून मांडले, तर तिन्ही तारांचा प्रत्येक उपस्वर ६४ च्या पटीतच पडतो. कोणत्याही दोन भिन्न उपस्वरांत ६४ पेक्षा कमी अंतर राहत नाही. आणि तोच दाट संघात दोन सप्तके वर नेऊन २५६, ३२०, ३८४ असा वाजविला, तरीही मूळ स्वरांतील अंतर ६४ चेच होते व नाद स्वच्छ येतो. सारांश, दाटी हा दोष नव्हे. मंद्रातील दाटी हा दोष होय.

हेल्महोल्त्झ यांनी संघातांच्या अधिक अनुकूल व कमी अनुकूल मांडण्यांची कोष्टके दिली, आणि पालेस्त्रिना व मोझार्ट यांच्या नादमाधुर्याबद्दल ख्यातनाम असलेल्या रचना त्यांवर तपासून पाहिल्या. त्या रचनाकारांनी बहुशः अनुकूल मांडण्याच निवडल्या होत्या, असे त्यांना आढळले. रामो यांच्या हातून निसटलेले अंतराचे तत्त्व अशा रीतीने सव्वाशे वर्षांनी परत मिळाले. पियानो बनविणाऱ्यांनीही या विचाराचा लाभ घेतला. थिओडोर स्टाइनवे यांनी १८७२ साली तारांच्या एरवी मुक्या ठेवलेल्या टोकांना उपस्वरांशी जुळवून त्यांचाही नाद मिळविण्याची योजना केली.

(६) मोह आणि त्याची फळे

एवढ्यावर थांबले असते तर या सिद्धान्ताचा इतिहास निष्कलंक राहिला असता. परंतु निसर्गाची साक्ष हाती असली की ती प्रत्येक खटल्यात काढण्याचा मोह आवरत नाही. ह्यूगो रीमान हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील थोर संगीतपंडित. कोमल संघातालाही निसर्गाचा आधार हवा, म्हणून उपस्वरमालेची उलटी, खाली उतरत जाणारी एक माला असली पाहिजे, असे त्यांनी मानले. इतकेच नव्हे तर १८७० च्या दशकात, रात्रीच्या शांततेत आपल्या पियानोवर आपण ते खालचे स्वर प्रत्यक्ष ऐकले, असेही त्यांनी लिहिले. तसे स्वर तारेत नसतात. पुढे त्यांनी स्वतःच हा दावा सोडून दिला. रीमान यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. म्हणूनच हे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. ज्या कानाने रचनाकार सत्य शोधतो, तोच कान सिद्धान्ताच्या आग्रहाने फसू शकतो.

दुसरे उदाहरण रशियन रचनाकार स्क्रिअबिन यांच्या 'प्रोमेथेउस' (१९१०) या कृतीतील सहा स्वरांच्या संघाताचे. त्यांचे चाहते साबानेयेव यांनी, हा संघात आठवा, नववा, दहावा, अकरावा, तेरावा आणि चौदावा या उपस्वरांचा बनलेला आहे, असे प्रतिपादन केले. त्यांचा लेख १९१२ साली जर्मन भाषेतही प्रसिद्ध झाला. गणित करून पाहिले तर काय आढळते? सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग, ज्यांस सेंट म्हणतात, कल्पिले असता अकरावा उपस्वर षड्जापासून सुमारे ५५१ सेंटवर येतो; पियानोवरील तीव्र मध्यम मात्र ६०० वर आहे. तेरावा ८४१ वर, पियानोचा धैवत ९०० वर. चौदावा ९६९ वर, पियानोचा कोमल निषाद १००० वर. अर्ध्या स्वराच्या पट्टीवर जवळजवळ अर्धी पट्टी चुकत असेल, तर त्यास उपस्वर म्हणण्यात अर्थ उरत नाही. तो संघात सुंदर आहे, यात वाद नाही. त्याचे सौंदर्य उपस्वरमालेने दिले, हे मात्र सिद्ध होत नाही.

अडचण पियानोच्याच रचनेत आहे. त्याचे सप्तक बारा समान भागांत विभागलेले असल्याने पंचम केवळ २ सेंटने उतरतो, परंतु गांधार जवळजवळ १४ सेंटने चढा राहतो. शिवाय तारेच्या ताठरपणामुळे पियानोचे उपस्वर गणितातल्यापेक्षा किंचित चढत जातात. रेल्सबॅक यांनी १९३८ साली, आणि यंग यांनी १९५२ साली, याची मोजदाद प्रसिद्ध केली. कुशल जुळणारे कारागीर सप्तके थोडी ताणून जुळवितात ते याचमुळे. म्हणजे ज्या मालेचे दाखले दिले जातात, ती शुद्ध स्वरूपात पियानोच्या तारेतही नसते. विस्पंदांच्या उपपत्तीला मात्र याने बाध येत नाही. १९६५ साली प्लॉम्प व लेव्हेल्ट यांनी केलेल्या प्रयोगांनी, दोन शुद्ध नादांची खरखर त्यांच्यातील अंतर व सप्तकस्थान या दोहोंवर अवलंबून असते, असे दाखवून त्या उपपत्तीची दुरुस्ती केली आणि तिला बळकटीही आणली.

(७) आपल्याकडील पडसाद

हा वाद महाराष्ट्रालाही अगदीच परका राहिला नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली पुण्याहून प्रसिद्ध केलेल्या बावीस श्रुतींवरील इंग्रजी पुस्तकात आपल्या स्वरांची कंपनप्रमाणे निश्चित करण्याचा प्रयत्न केला. सनदी अधिकारी क्लेमेंट्स यांनी त्यांच्या सहकार्याने तशी स्वरपेटीही करविली. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत तिच्यावर बराच वाद झाला. समान विभागांच्या पेटीविरुद्ध तक्रार पुढेही चालूच राहिली. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला मज्जाव केला, तो १९७१ पर्यंत पूर्णपणे उठला नव्हता. येथेही निसर्गाच्या प्रमाणांचा दाखला व गायकाच्या गळ्याचा दाखला यांत कोणता श्रेष्ठ, हाच मूळ मुद्दा होता. पियानोच्या हातोडीच्या आघाताचा विचार करणारे चंद्रशेखर वेंकट रामन आणि भवनाथ बॅनर्जी यांचे संशोधनही १९२० सालचेच. त्याच वर्षी रामन यांनी, मृदंग व तबला यांवरील शाईमुळे चामड्याचे स्वरही उपस्वरमालेत येतात, हे दाखविले. तेथेही कारागीर शास्त्रज्ञाच्या कित्येक शतके पुढे होता.

(८) उपसंहार

वरील इतिहासावरून दोन निष्कर्ष निघतात. उपस्वरमाला संघात कसा मांडावा हे सांगते. कोणता संघात वापरावा हे सांगत नाही. डाव्या हाताने खर्जात सप्तक किंवा पंचम राखावा, गांधार वर न्यावा, अधिक रंगाचे स्वर मध्य सप्तकाच्या वर दाट करावे, हा तिचा उपदेश शोपँ यांच्यापासून, 'बुडालेले देवालय' (१९१०) रचणाऱ्या देब्युसी यांच्यापर्यंत, वादकांच्या हातांनी खरा करून दाखविला आहे. परंतु गढूळ नादच हवा असेल, मेघगर्जना किंवा शोक सुचवावयाचा असेल, तर तीच माला कोणते नियम मोडावे हेही दाखविते. तिला स्मृतिग्रंथ मानणारे रामो व रीमान यांच्यासारखे समर्थ पुरुषही चुकले. तिला कारागिराचे माप मानणारे मात्र कधी फसले नाहीत. कारण माप हातात घेऊनही, अखेरचा निवाडा त्यांनी कानावरच सोपविला होता.